आपली बॅच म्हणजे कोण?

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या हायस्कूलच्या बॅचचा स्नेहमेळावा आहे. आम्ही मार्च २००५ ला दहावीची परीक्षा दिली. म्हणजे वीस वर्षं होऊन गेली. बीड जिल्ह्यातलं आमचं हायस्कूल पाचवी ते दहावीचं, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची सगळी मुलं तिथंच यायची. गणपतीत कुणीतरी मोबाईलवर ग्रुप तयार केला आणि तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली की आठवणी सुरू होतात, त्या थेट अकरा-साडेअकरापर्यंत.

आठवणी तशा सगळ्यांच्याच असतात त्या. रुळाच्या तुकड्यावर टोला मारून होणारी घंटा. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी आणि नंतरचे लिमलेटचे गोळे. कंपासपेटीत लपवलेल्या चिंचा. दहावीचे साडेसातशेपैकी मार्क आणि निकालाच्या दिवशी घरी न गेलेले तिघं. आम्ही पाचवीत आलो तेव्हा पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, कारण तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. पुढच्याच वर्षी, जून २००० पासून, ते पहिलीपासून सुरू झालं. "धाकटा भाऊ पहिलीत आणि मी सहावीत, दोघं एकदमच स्पेलिंग पाठ करायचो," असं एकानं लिहिलं आणि सगळ्यांनी हसून घेतलं.

मी स्वतः आता चौथीच्या वर्गाला शिकवते. त्यामुळे या आठवणी वाचताना मी एका डोळ्यानं विद्यार्थिनी असते आणि दुसऱ्या डोळ्यानं बाई. वर्गात नेमकं काय टिकतं, हे बघायची इतकी चांगली संधी आपल्या प्रशिक्षणात कुठंच मिळत नाही. आम्ही डीएडला पाठ घेतले, टाचणं काढली, उद्दिष्टं लिहिली. वीस वर्षांनी विद्यार्थी काय सांगतो, हे मूल्यमापन मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

मेळाव्याची पहिली यादी दहावीच्या निकालावरून केली होती. शाळेतून निकालपत्रकाची झेरॉक्स आणली, एकेका नावापुढं मोबाईल नंबर लिहायला घेतले. एकूण एक्केचाळीस नावं. मुलांचे नंबर लगेच मिळाले. मुलींचे मिळेनात, कारण लग्नानंतर आडनावं बदललेली, काहींची तर नावंही बदललेली. मग प्रत्येकीच्या माहेरी भावाला गाठायचं, त्याच्याकडून नंबर घ्यायचा, असं काम सुरू झालं. तेवढ्यात आमच्या वर्गाचा मॉनिटर, जो आता गावातच किराणा दुकान चालवतो, त्यानं एक प्रश्न टाकला.

"अरे, माझ्या बाकावर तर आपण तिघं बसायचो. यादीत तिसरा कुठंय?"

तिसरा दहावीपर्यंत पोचलाच नव्हता. मग एकेक नाव आठवायला लागलं. ती उंच मुलगी, जी खो-खोत खांबाजवळ कुणाला सापडायची नाही. तो, जो शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवायचा. शेवटी मॉनिटरच शाळेत गेला आणि आमच्या आठवीची हजेरी बघून आला. आठवीत आम्ही एकसष्ट होतो. दहावीच्या निकालात एक्केचाळीस. मधली वीस नावं दोन वर्षांत गळाली. काहींनी शाळा बदलली होती. बाकीच्यांची कारणं आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत: ऊसतोड आणि मुलींची लग्नं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी ऊस तोडायला जाते. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. कुणी सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडं, कुणी पुणे-सोलापूरकडं, कुणी कर्नाटकात. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, धान्य, शेळी आणि लेकरं. कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलात, टोळ्या परत येतात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि एप्रिलात परीक्षा असते. मधले पाच-सहा महिने ही लेकरं फडात. थोरली असेल तर धाकट्यांना सांभाळायला, आणि जरा मोठी झाली की वाढं गोळा करायला, मोळ्या बांधायला.

आता मेळाव्याची तारीख बघा. पहिल्यांदा ठरली होती डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पुण्या-मुंबईच्यांना नाताळची सुट्टी जोडून घेता येते, हवा थंड असते, सगळं सोयीचं. तेव्हा नव्यानं ग्रुपमध्ये आलेल्या एकानं आवाजी निरोप पाठवला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "डिसेंबरात आम्ही फडात असतो. तुम्ही करा, फोटो टाका, आम्ही बघू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पण त्यानंतर ग्रुप बराच वेळ गप्प होता. मग चर्चा झाली, थोडी वादावादीही झाली. मे महिन्यात ऊन, लग्नसराई, पुण्याच्यांच्या मुलांचे उन्हाळी वर्ग. कुणी म्हणालं, पाच-सहा जणांसाठी सगळ्यांनी का बदलायचं? मॉनिटर म्हणाला, "पाच-सहा नाहीत, मोजून सांगतो." शेवटी मे ठरला, कार्यक्रम दुपारऐवजी संध्याकाळी पाच वाजता. तारीख बदलली तशी यादीही बदलली. आता ती आठवीच्या हजेरीवरून चालू आहे.

त्या खो-खोवाल्या मैत्रिणीचा नंबर मी तिच्या भावाकडून मिळवला. नववीच्या दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नव्हती. फोन केला तेव्हा ती बेळगावकडं कुठल्याशा कारखान्यावर होती. रात्रीचे आठ वाजले होते, भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मला कशाला बोलवता गं? मी दहावीला कुठं व्हते?"

मी म्हटलं, "आठवीला होतीस ना? मग झालं तर."

"बॅनरवर दहावी लिहिणार आसताल. त्याच्याखाली मी कशी उभी ऱ्हाऊ?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग मी विषय बदलला, शाळेतलं काय आठवतं म्हणून विचारलं. तिनं दोन गोष्टी सांगितल्या, एकामागोमाग एक, जणू एकाच गोष्टीचे दोन भाग.

पहिली सातवीतली. एप्रिलात ती फडावरून परत आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. तेव्हाचे एक शिक्षक म्हणाले, "या, आले का पाहुणे!" वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तिच्यासारखाच परतलेला एक मुलगा आला, त्यालाही तेच. "तवापासून दारात उभं ऱ्हायचं म्हणलं की पोटात गोळा यायचा," ती म्हणाली.

दुसरी आठवीतली. भूगोलाच्या तासाला नकाशावर कृष्णा नदी दाखवायची होती. ही पुढं गेली, नदीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मी हिच्यात आंघोळ केलीय." पुन्हा हशा झाला. पण त्या बाईंनी हात वर करून वर्ग शांत केला आणि तिला विचारलं, "कुठं? कशी दिसते?" मग तिनं सांगितलं की कऱ्हाडला दोन नद्या समोरासमोर येतात, अगदी टक्कर झाल्यासारख्या, आणि मग एकत्र होऊन वळतात. बाई म्हणाल्या, "दुसरी कोयना. पुस्तकात ही एक ओळ आहे. तुझ्या मैत्रिणीनं ती डोळ्यांनी बघितली आहे." तो सगळा तास हीच बोलली: कारखान्याचा भोंगा, वजनकाट्यावरची बैलगाड्यांची रांग, उसाच्या पाल्यानं कापलेले हात.

"त्या दिवशी मी शाळेची व्हते," ती म्हणाली.

यातली पहिली गोष्ट आमच्या ग्रुपवरही आधी येऊन गेली होती, बरं का. एकानं लिहिलं होतं, "आठवतं का, सर कसे म्हणायचे, आले का पाहुणे!" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एकच वाक्य, एकच वर्ग, एकच एप्रिल. बाकावर बसलेल्यांना तो विनोद आठवतो आणि दारात उभी असलेलीला पोटातला गोळा. आपण मेळाव्यात सांगतो त्या गमतीजमती बहुतेक बाकावर बसलेल्यांच्या असतात. दारातले तिथं आलेलेच नसतात, मग त्यांची बाजू सांगणार कोण?

अशीच दुसरी एक आठवण तांदळाची. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहार योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेली खिचडी नव्हती. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. कापडी पिशवीत तो घरी नेतानाची मजा ग्रुपवर किती जणांनी लिहिली! पण त्याला अट होती, ८० टक्के हजेरीची. फडावर गेलेल्या लेकरांची हजेरी भरणार कशी? ज्या घरांना तांदळाची जास्त गरज, त्याच घरांची पिशवी रिकामी राहायची. हेही त्या मैत्रिणीनंच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, सहज.

छडीच्या आठवणीही ग्रुपवर भरपूर आहेत. "सरांनी मारलं म्हणून आपण घडलो," हे वाक्य तर दर दोन दिवसांनी येतं. पालकांना माझी एक विनंती आहे. घरात मुलांसमोर या गोष्टी सांगताना जरा जपून. आपल्यासोबत मार खाल्लेले, पण 'घडलो' म्हणायला या ग्रुपमध्ये नसलेलेही काही जण आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे. छडी आता वर्गातून बरीचशी गेली. 'आले का पाहुणे' मात्र अजून कुठं कुठं ऐकू येतं. त्याचा वळ उठत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

माझ्या शाळेतही दिवाळीनंतर पट कमी होतो. काही मुलं गावातच हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर आजी-आजोबांकडं राहतात, काही आईबापाबरोबर जातात. गेलेल्यांचं बाक मी हलवत नाही आणि त्यांची नावं भिंतीवरच्या वाढदिवसाच्या तक्त्यावरून काढत नाही. एप्रिलात ती परत येतात तेव्हा "इतके दिवस कुठं होतास?" असं विचारायचं नाही, असा माझा नियम आहे. कारण त्याचं उत्तर गुन्हा कबूल केल्यासारखं द्यावं लागतं. त्याऐवजी मी नकाशा काढते आणि विचारते, "कुठून कुठून गेलास, दाखव बरं." मग अंतर मोजणं येतं, जिल्हे येतात, नद्या येतात. टनाचे किलो आणि मोळ्यांचा हिशोब तर त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो. बाकीची मुलं प्रश्न विचारतात. बुडालेला अभ्यास त्यानं भरून निघत नाही, त्यासाठी वेगळं बसावंच लागतं. पण बसायला मूल वर्गात तरी यायला हवं, आणि ते दारातून आत कसं येतं यावर पुढचं बरंच ठरतं.

आमच्या मेळाव्याच्या बॅनरवर आता 'दहावी' हा शब्द नाही. 'पाचवी ते दहावी, १९९९ ते २००५' असं लिहायचं ठरलं आहे. वर्गणी ज्याला जमेल तशी, आणि कुणी किती दिली ते ग्रुपवर टाकायचं नाही. हे सगळं मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं. तिची धाकटी यंदा नववीत आहे, गावी आजीजवळ राहून शाळा करते. त्याच नववीत, जिथं हिची शाळा सुटली होती. ती म्हणाली, "बघते. पट्टा पडला की बघते. आले तर पोरीला संगं आणते, आपली शाळा दावते तिला." 'आपली शाळा' म्हणाली ती.

तुमच्याही गावात असे मेळावे ठरत असतील, त्यात बरेचदा आपण शिक्षकच पुढं असतो. तर यादी करताना निकालपत्रकाच्या आधी जनरल रजिस्टर उघडा. तारीख ठरवताना गावातल्या कामाचा हंगाम विचारा. आणि उद्या सकाळी वर्गात हजेरी घेताना, गैरहजर नावापाशी क्षणभर थांबा. आपली बॅच त्या नावासकट आहे.