वजाबाकीत उरतं ते सगळं मसल नव्हे

चि. भाच्यास,


जिममधल्या मशीनचा तुझा रिपोर्ट नीट पाहिला. सहा आठवड्यांच्या कटिंगमध्ये, म्हणजे चरबी उतरवण्याच्या डाएटमध्ये, वजन ७६ वरून ७० वर आलं. त्यात चरबी ४.२ किलो गेली आणि ‘लीन मास’ १.८ किलो, असं मशीन सांगतंय. पावणेदोन किलो मसल जळाला असं समजून तू डाएट मोडायला निघाला आहेस, म्हणून हे सविस्तर लिहितो. लीन मास म्हणजे मसल नव्हे. एकूण वजनातून चरबी वजा केली की जे उरतं ते सगळं लीन मास: हाडं, कातडी, रक्त, यकृत, आतडी आणि सगळ्यात जास्त पाणी. धडधाकट तरुणाच्या लीन मासमध्ये स्नायूंचा वाटा साधारण निम्मा, आणि खुद्द स्नायूतही चारातले तीन भाग पाणीच. किलोभर स्नायूत प्रथिनं जेमतेम दोनशे ग्रॅम भरतात.

शरीराचे असे दोन भाग पाडणं मुळातच चूक, असं मात्र मी म्हणत नाही. नुसता वजनकाटा किती फसवतो हे त्यामुळेच कळलं. १९४२ साली अमेरिकन नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी २५ अमेरिकन फुटबॉल खेळाडूंना, चरबी किती ते काढण्यासाठी, पाण्यात बुडवून तोललं. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यातले १७ जण जादा वजनापायी सैन्यभरतीत नापास झाले असते, पण त्यांचं वजन चरबीचं नव्हतं. उलट बाजू आपल्या पुण्याने दाखवली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपल्याकडे सडपातळ माणसातही चरबी दडलेली असते, तेव्हा चरबी किती आणि बाकीचं किती हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. माझं भांडण आहे ते दशांश चिन्हासकट येणाऱ्या उत्तरावरच्या आंधळ्या विश्वासाशी.

जिममधलं मशीन करतं काय, ते बघ. तळपाय आणि तळहातांतून ते अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं. पाणी आणि क्षारांतून वीज सहज जाते, चरबीत अडते. या अडथळ्यावरून, तू भरलेली उंची, वय वगैरे धरून, मशीन अंगातल्या पाण्याचा अंदाज बांधतं. मग चरबी सोडून उरलेल्या शरीरात पाणी सुमारे ७३ टक्के असतं असं गृहीत धरून लीन मास काढतं, आणि तो वजनातून वजा करून चरबी. मोजला जातो तो फक्त अडथळा, पुढचं सगळं गणित. स्नायूचा एक धागाही त्यात कुठे मोजलेला नाही.

आता तुझे १.८ किलो. तू भात-पोळी निम्म्यावर आणलीस. त्यामुळे स्नायूंत साठलेला ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, दोनशे ग्रॅमने घटला असं धरू. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, म्हणजे तिथेच आठशे ग्रॅम गेले. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अंगावरच्या मेदात निव्वळ चरबी साधारण ८५ टक्के असते. बाकीचं पाणी आणि प्रथिनं असतात, आणि ती हिशेबात ‘लीन’च्या खात्यात पडतात. ४.२ किलो चरबी गेली म्हणजे जवळजवळ पाच किलो मेद आटला, आणि त्याच्याबरोबर पाऊण किलोपर्यंत लीन मास कमी झाला, जो स्नायू कधी नव्हताच. दोन्ही मिळून दीड किलो झाले. उरलेले तीनशे ग्रॅम सकाळी एक तांब्या पाणी कमी प्यायलास तरी इकडचे तिकडे होतील.

तुझा कोच म्हणेल, मशीन चुकत असेल, पण दर वेळी तेवढंच चुकतं, मग दोन रिपोर्टांमधला फरक तरी खराच ना? हा आक्षेप वजनदार आहे, आणि खाणंपिणं वर्षभर एकसारखं असलेल्या माणसाच्या बाबतीत बऱ्यापैकी बरोबरही. पण ती चूक पाण्याच्या गृहीतकात आहे, आणि कटिंगमध्ये नेमकं पाणीच बदलतं. कर्बोदकं, मीठ, क्रिएटिन, घाम, सगळं हललेलं असताना चूक तेवढीच राहील कशी? बल्किंगमध्ये, म्हणजे वजन वाढवताना, हेच उलटं फसवतं. रोज २० ग्रॅम क्रिएटिनचं लोडिंग आठवडाभर केलं की लीन मास किलोभर वाढलेला दिसतो, तो बहुतेक पाण्याचा. डेक्सा स्कॅन हाडं वेगळी काढतो म्हणून जास्त भरवशाचा, पण स्नायूतलं पाणी तोही लीनमध्येच धरतो.

पाणीसुद्धा स्नायूचाच भाग, भरलेला मसल उठून दिसतो आणि जोरही जास्त लावतो, असं तू म्हणशील. मान्य. पण दोन दिवस पोटभर भात खाऊन जे परत येतं, त्याला गमावलं म्हणत नाहीत.

मग मसल खरंच जात असेल तर कळायचं कसं? वजन उचलताना कळतं. स्क्वॉट आणि बेंचला तेवढ्याच वजनावर तेवढेच रेप्स निघतायत, दंड-मांडीचं माप टिकलंय आणि पोटावर चिमट्यात येणारी घडी पातळ होतेय, तर स्नायू शाबूत आहे. रेप्स आणि माप ही दोन्ही आठवड्यामागून आठवडे घसरायला लागली, तर काळजी कर. आठवड्याला किलो हा वेग तुझ्या अंगाला थोडा जास्तच आहे. अर्धा-पाऊण किलोवर आण. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास ठेव. डाएट मोडू नकोस. रिपोर्ट काढायचाच असेल तर महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, आदल्या दिवशी पायांचा व्यायाम न करता.

आणि पुढे शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरलास, तर त्या आठवड्यात ‘कोरडा’ दिसण्यासाठी पाणी तोड, लघवीच्या गोळ्या घे, असं कोणी सांगितलं तर साफ नाही म्हण. मोहम्मद बेनाझिझा हा जगातल्या अव्वल शरीरसौष्ठवपटूंपैकी एक. १९९२ मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांतच तो गेला, शरीरातलं पाणी आटून हृदय बंद पडल्यामुळे. स्नायूत चारातले तीन भाग पाणी असतं आणि हृदय हाही स्नायूच आहे, हे तुझ्या कोचलाही सांग. पुढच्या पत्रात रिपोर्टाऐवजी स्क्वॉटचे आकडे पाठव.

तुझा,
मामा