खांद्यावरची तलंग

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी कोंबड्यांना नावं नव्हती, रंगावरून ओळख असे: तांबडी, काळी, कबरी. त्यातली तांबडी तलंग तिन्हीसांजेला फडफडत माझ्या खांद्यावर चढायची. मी तिला आवडतो, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. आजी मात्र कणी पाखडता पाखडता म्हणायची, "तुझ्यावर नाय बसली रे ती, फांदीवर बसली."

आजीचं म्हणणं मला अपमानास्पद वाटे. पण संध्याकाळ झाली, की कोंबडीला उंची लागते हे खरंच. फणसाची फांदी, गडगा, मांगराची वळचण, काहीही चालतं. काळोखात तिला फारसं दिसत नाही आणि रानमांजर नेमकं तेव्हाच बाहेर पडतं. म्हणून उजेड आहे तोवर वर जायचं. तिचे पायही त्यासाठीच घडलेले. पाय दुमडून ती खाली बसली, की पायामागची कंडरा ताणली जाते आणि बोटं आपोआप आवळतात. त्यामुळे झोपेतही पकड सुटत नाही. सदऱ्यावरून खांद्याला जाणवायची ती मिठी म्हणजे हीच पकड.

पण मग तांबडीच का? काळी कधी माझ्याकडे फिरकली नाही. याचं उत्तर पुढे मुंबईत, भाड्याच्या खोलीत, अंडी फक्त ट्रेमध्ये दिसण्याच्या वर्षांत एका पुस्तकात सापडलं. नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरूप-एबे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि 1920च्या सुमारास त्यांची उतरंड मांडली: कोण कोणाला चोच मारणार, हे कळपात ठरलेलं असतं. दाण्यावर पहिला हक्क वरच्या कोंबडीचा, आणि बसायची चांगली जागाही बहुधा तीच पटकावते. आमच्या खुराड्यातल्या वरच्या बांबूवर काळीचं राज्य होतं. तांबडी वयानं लहान, सगळ्यांच्या चोची खाणारी. माझा खांदा ही तिच्या दृष्टीनं वाद नसलेली उंच जागा असावी.

एवढ्यानं आजीचं म्हणणं सिद्ध झालं असतं. पण एक गोष्ट उरतेच. फांदी हलत नाही, हात उगारत नाही. माणूस दोन्ही करतो, तरी ती बसते.

आंबा घाटाच्या जंगलात करडा रानकोंबडा असतो. चाहूल लागली, की क्षणात झुडपात गडप होतो. आपल्या कोंबडीचं मूळ मात्र मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यात आहे. 2020 साली जगभरच्या 863 पक्ष्यांचे जनुकसंच तपासले गेले, तेव्हा तिच्या सर्वात जवळची रानटी उपजात नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या पट्ट्यातली निघाली. ब्रिटिशांनी रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या मुलखातला हा पाहुणा राजाच्या कितीतरी आधी रत्नागिरीत पोचला होता! आणि पायांचा पिवळा रंग त्याला वाटेत आपल्याच करड्या रानकोंबड्याच्या कुळातून मिळाला, हे 2008 साली उघड झालं.

माणसापासून पळणारा पक्षी माणसावरच चढू लागला, तो कसा? स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात तांबड्या रानकोंबड्यांतून माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडून त्यांचीच वीण वाढवली. काही पिढ्यांतच पक्षी माणसाळले, शिवाय अंगानंही भरले. हे वाचलं आणि आजीचा शिरस्ता आठवला. आषाढात वड्यांसोबत रस्सा शिजायचाच. त्यासाठी बुजरी, अंगावर येणारी, परक्याच्या गडग्यावर रात्र काढणारी कोंबडी आधी धरली जाई. हाताशी येणारी मागे राही, खुडूक होई, तिच्याच अंड्यांची पिल्लं निघत. "गरीब हाय, ऱ्हाऊ दे," एवढंच आजी म्हणे.

तांबडी अशीच राहिली, म्हातारी झाली.

आता मी गावी परतलोय. परसात चार गावठी कोंबड्या आहेत, आणि त्यातली एक खांद्यावर येते. शेजारचा पोरगा विचारतो, "काका, तिला तुम्ही आवडता?" मी त्याला आजीचंच उत्तर देतो, फक्त थोडी भर घालून. बसायची ओढ झाडाची, पण न भिणं शिकवलेलं आहे, आणि तेही मी नाही. सुरी हातात असताना हजारो वर्षं "ऱ्हाऊ दे" म्हणत आलेल्या आज्यांनी.