कोसभर सोबत

सायकलवरून एकट्याने दूरचा प्रवास करणारा मनुष्य माणूसघाणा असावा, असा एक समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. परंतु तेथे सायकलीस मज्जाव. सबब श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मगावाहून, म्हणजे कारंज्याहून, शेलूबाजारमार्गे मालेगावास आम्ही जुन्याच रस्त्याने निघालो. चढावर दम, उतारावर वारा आणि दुतर्फा तुरीची शेते, एवढीच काय ती सोबत. दिवसभर मौनात काढलेला मनुष्य सायंकाळी स्नेह्याच्या दारी ऐकण्याची भूक घेऊन पोचतो.

मालेगावचे आमचे कॉलेजातले स्नेही गतवर्षी विधुर झाले. त्या रात्री ते बोलत राहिले, आम्ही ऐकत राहिलो. पहाटे ‘चल, नाक्यापर्यंत येतो’ म्हणून निघाले, आणि सायकलीची एक मूठ धरून आमच्यासंगे चांगले कोसभर चालले. मोटारीने जाणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा लागतो. सायकलवाल्याबरोबर चालता येते. घरातील जे बोलणे रात्री अपुरे राहिले होते, ते त्यांनी त्या कोसभर वाटेत पुरे केले.