नामीचं शेत

अहिल्यानगर

चि. सोनू,


संडे स्कूलच्या पोरांना जुना करार झेपत नाही, म्हणून थेट नाताळापासून सुरुवात करणार, असं तू परवा म्हणालीस. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तसं करू नकोस. कीर्तनाचा पूर्वरंग चुकवून उत्तररंगाला येऊन बसलेल्याला कथा कुठून निघाली तेच कळत नाही. आपल्या नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, ती उगीच नव्हे. आपल्या माणसांना गोष्ट मुळापासून लागते.

हे परक्यालाही कळलं होतं. फादर स्टीफन्स तर इंग्लंडचा. १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून मोकळा झाला, तेही ओवीत. ज्ञानदेवांनी नेवाशात गीता सांगितली त्या ओवीच्या घराण्यात. पुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण त्याला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग दुसरं काही वाचायला द्या. (बंद करणारे त्याच्याच बाजूचे, हे विसरू नये.) स्टीफन्सनं काय दिलं? पंचाण्णव अवस्वरांपैकी, म्हणजे अध्यायांपैकी, पहिले छत्तीस, येशूच्या जन्माआधीचे. सृष्टी, आदाम-हव्वा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. आधी काय बिघडलं ते ऐकल्याशिवाय तारणारा कशाला आला हे कुणाला कळणार?

पोरांना रूथपासून सांग. चारच अध्याय आहेत. दुष्काळ पडतो म्हणून नामीचं घर बेथलेहेम सोडून मवाबात जातं. दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोराला समजवावं लागत नाही. तिथं नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. म्हातारी परत फिरते ती परजातीची विधवा सून घेऊन. सून सातूच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागं सरवा वेचते. पुढं बवाज, नात्यातला माणूस, वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर नामीची जमीन सोडवून घेतो आणि रूथशी लग्न करतो. त्याच्याहून जवळचा एक भाऊबंद असतो. तो आधी जमिनीला हो म्हणतो, पण सोबत रूथही आहे म्हटल्यावर माघार घेतो. हा भाग रंगवून सांग, पोरं हसतील. रूथचा पणतू दावीद. मत्तय येशूची वंशावळ देतो तेव्हा या मवाबी बाईचं नाव मुद्दाम घेतो. जवळच्यानं पदरचं घालून सोडवायचं, ही रीत आधी शेतावर दिसली की मग क्रूसाबद्दल फार बोलावं लागत नाही.

आपल्याकडचे काही उपदेशक गोष्ट फार आखूड करतात: पाप केलं, क्रूसानं फिटलं, आता वर जायचं. प्रकटीकरणाच्या शेवटी तर नगरी खाली उतरते आणि देव माणसांत राहायला येतो. नवं आकाश, नवी पृथ्वी. ही सडकी जमीन टाकून पळा, असं तिथं कुठंच नाही.

तारण इथंच, माणसांत कसं दिसतं, त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचंच घे. त्यांच्या नवऱ्यानं, कवी टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं सोवळं, रडणं, भांडण. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात, जात देवानं केली की माणसानं, याचा विचार करता करता त्यांचा पीळ सुटला आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरलं. हे बाप्तिस्म्याच्या आधी! आपले पणजोबा महारवाड्यातले. अशांच्या हातचं पाणी घेणारी बाई म्हणजे केवढी गोष्ट, तूच विचार कर. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहाएक अध्यायांवर थांबलेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुढचे चौसष्ट लिहिले.

ख्रिस्तपुराणाची बांदेलूंची देवनागरी प्रत माझ्याकडे आहे. येशील तेव्हा ने, पण जपून. बांधणी सैल झाली आहे. आणि तुमच्या संडे स्कूलला सुट्टी कधी ते कळव, म्हणजे मामीला पुरणाचं बघायला बरं.

तुझा,
मामा