अर्ध्या ओळखीची माणसं

नोकरी गेली की माणूस आधी जवळच्यांकडे जातो. भाऊ, मेहुणा, कॉलेजातला जिवलग. ते बिचारे जीव टाकतात. पण त्यांना ठाऊक असलेल्या जागा त्यालाही ठाऊक असतातच. उठणं-बसणं एकत्र, तेव्हा बातम्याही त्याच त्या.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांकडे चौकशी केली आणि १९७३ साली निष्कर्ष मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. बाकीच्यांना वाट दाखवली ती अधूनमधून, किंवा क्वचितच भेटणाऱ्यांनी.

आपल्याकडे अशी माणसं लोकलच्या डब्यात भेटतात. वर्षानुवर्षं शेजारी उभी, आडनावाचीही खात्री नाही. आणि नोकरी गेल्यावर आपण नेमकं त्यांनाच टाळतो. ‘आज उशीर?’ असं कुणी विचारू नये म्हणून पुढची गाडी पकडतो. घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारेही असतात. लाज नोकरी जाण्याची कमी, कंपनीच्या नावाशिवाय स्वतःची ओळख कशी करून द्यायची याचीच जास्त.

स्वतःबद्दल बोलू नये, हे आपल्या अंगात मुरलंय. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आत्मस्तुती करणारा आहेच. पण त्याच ओवीत आपल्या मुलखात हाल सोसत राहणाराही मूर्खच ठरवलाय, ते आपण सोयीने विसरतो!

शिवाय काम सांगणं म्हणजे स्तुती नव्हे. ‘कुठं काही असेल तर बघा’ यावर कुणी काय बघणार? ‘गोदामाचा हिशेब आणि जीएसटी सांभाळत होतो, ठाणे-भिवंडीकडे कुठेही चालेल’, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं. तरी दहातले आठ विसरतील. त्यात अपमान नसतो, त्यांच्या डोक्यात त्यांचे हप्ते असतात. पंधरा दिवसांनी पुन्हा आठवण करून द्यावी. पहिल्या वेळी जीभ जड होते, तिसऱ्या वेळी होत नाही. मनाचा कणखरपणा म्हणतात तो बहुधा एवढाच असतो, भाषणं ऐकून तो येत नाही.

आणि तुमच्याकडे कुणी असा शब्द टाकला, तर जमेल तेवढं करा. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळवा. ताटकळत ठेवू नका.