आधी दोरी, मग फरशी

गेल्या आठवड्यापर्यंत फरशी म्हणजे माझ्या लेखी रंग आणि चकाकी. दुकानात तीन चकरा मारून पोर्सलीनच्या दोन बाय चार फुटी टाइल्स ठरवल्या, फिकट राखाडी, आणि वाटलं, झालं काम! मग मिस्त्री आले. बरोबर ना थापी ना घमेलं. गेरू लावलेली दोरी, मीटरटेप आणि कानावर पेन्सिल. त्या दिवशी एकही टाइल चिकटली नाही, पण संध्याकाळी मी घरातल्या सगळ्यांना खोलीच्या दारात उभं करून रिकामा कोबा दाखवत होते. त्यावरच्या लाल रेषा दाखवत होते!

"भिंतीपासून सुरुवात करायची ना?" मी विचारलं. "ताई, भिंतीवर भरवसा ठेवायचा नाही," ते म्हणाले. कोपऱ्यातून एका भिंतीवर सहा फूट मोजले, दुसरीवर आठ, आणि दोन खुणांमधलं अंतर घेतलं. कोपरा काटकोनात असेल तर ते बरोबर दहा फूट यायला हवं. आलं दहा फूट पाव इंच. पाव इंचाने काय होतंय, असं मला वाटलं. पण चौदा फुटांच्या खोलीत तीच भिंत दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास दोन सेंटीमीटर बाहेर गेलेली असते! बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखायला याच जातीचा हिशेब आहे, आणि शुल्ब या शब्दाचा अर्थच मुळी दोरी. शाळेत काटकोन त्रिकोणाचं प्रमेय पाठ केलं होतं मी. ते असं जमिनीवर उतरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी मधोमध दोरी ताणली, टिचकी मारून सोडली आणि कोब्यावर लाल रेघ उमटली. दुसरी तिला काटकोनात. "आता भिंती विसरा. घर या दोन रेघांचं." ठिपक्यांच्या रांगोळीत जसे आधी ठिपके, तशा इथे आधी दरजा. दोन टाइल्समध्ये उरते ती दरज, असं मी इतकी वर्षं समजत होते. दरज आधी ठरते आणि टाइल तिच्या हिशेबाने बसते!

खोलीची रुंदी 3200 मिलिमीटर, टाइल 600 ची, दरज 3 ची, दोन्ही भिंतींशी मोकळे 5-5. टाइल 600 धरून चालतच नाही, 603 धरायची. भिंतीलगत सुरू केलं असतं तर पाच अख्ख्या टाइल्स आणि पलीकडे साडेसतरा सेंटीमीटरची पट्टी. पाचही मधोमध घेतल्या तर दोन्हीकडे नऊ सेंटीमीटरसुद्धा नाहीत. मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने आकडे मांडले आणि एक अख्खी टाइल कमी केली. चार अख्ख्या, आणि दोन्ही कडांना जवळजवळ एकोणचाळीस सेंटीमीटरचे सारखे तुकडे. एकाएकी खोली भारदस्त दिसायला लागली, नुसती सुकी रांग मांडून! शिवाय ती दोन सेंटीमीटर पळालेली भिंत: नऊ सेंटीमीटरच्या पट्टीत तो फरक दारातूनच डोळ्यात खुपला असता, एकोणचाळीसच्या तुकड्यात तो विरून जातो. तुकडे वाढले की थोडा माल वाया जातो, हे खरं. जाऊ दे. भिंतीशी ते पाच मिलिमीटर मोकळे सोडले, उन्हाळ्यात फरशीला फुगायला जागा हवी म्हणून. वर स्कर्टिंग येतं.

दरज तीनच का? मी तर दुकानात "जोड दिसायला नको" असं सांगून आले होते. त्यांनी चार वेगवेगळे खोके फोडून टाइल्स मोजल्या. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. दरज या फरकाच्या निदान तिप्पट ठेवायची, नाहीतर चौथ्या-पाचव्या रांगेत रेषा नागमोडी व्हायला लागते. आमची तिप्पट दीड, ठेवली तीन, म्हणजे निश्चिंत. दरजेत भरायचं ग्राउट टाइलपेक्षा एक छटा गडद घ्या, एवढंच रंगाबद्दल सांगते.

विटांसारखी मांडणी माझ्या मनात होती, प्रत्येक जोड शेजारच्या टाइलच्या बरोबर मध्यावर. मिस्त्रींनी दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून ठेवल्या आणि एक टोक दाबलं. दुसरं टोक उघडलं! सुमारे बाराशे अंशांवर भाजून निघालेली एवढी लांब टाइल किंचित वाकतेच, मध्यावर तिला पोट असतं. अर्ध्यावर जोड घेतला की एकीच्या पोटाशेजारी दुसरीची उतरलेली कड येते आणि पायाला ठेच लागते. फार तर एक तृतीयांश सरकवायची. आम्ही सरळ रेषाच घेतली.

आणि लेव्हल! पाणसळीत असणं निराळं, सपाट असणं निराळं. नहाणीला ढाळ असतो, तरी ती सपाट हवी. दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी त्यांनी कोब्यावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरवली आणि मला खाली बॅटरी धरायला सांगितलं. जिथून उजेड निसटला तिथे खोलगट. खिडकीपाशी सात मिलिमीटर! दहा फुटांत तीनपेक्षा जास्त चालत नाही. खोलगट भाग टाइल लावायच्या आदल्या दिवशी भरून घेतला, दारातला उंचवटा घासून काढला. चिकटवायच्या मसाल्याने खड्डा भरायचा नाही. जाड थर वाळताना आकसतो आणि टाइलला खाली ओढतो.

मग आल्या त्या लाल-पांढऱ्या क्लिपा आणि पाचरी. क्लिपचा तळवा टाइलखाली, मान दरजेत, वरून पाचर ठोकली की शेजारच्या दोन कडा एका पातळीत येतात आणि मसाला सुकेपर्यंत तशाच राहतात. मी पन्नास तरी पाचरी स्वतः बसवल्या. दुसऱ्या दिवशी दरजेच्या रेषेतच लाथ मारायची, आडवी नाही. कडकन मान तुटते आणि खाली उरते ती सरळ, स्वच्छ दरज. मी तिच्यावरून नख फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही.

तुमच्याकडे फरशीचं काम निघणार असेल तर मिस्त्रींना एक दिवस जास्त द्या आणि त्या दिवसाची मजुरी आनंदाने द्या. सुकी रांग मांडायला लावा, दाराच्या चौकटीत उभं राहून ती बघा, भिंतीकडच्या तुकड्यांची मापं विचारा, आणि मगच मसाला कालवायला सांगा.