वाटसरूंचें नगर

मनुष्याचा स्नेह वर्षानुवर्षांच्या सहवासानें वाढतो, असें आपण मानतों. आपल्या गांवीं शेजार म्हणजे दोन तीन पिढ्यांचा संबंध. आजोबांचें प्रेम नि आजोबांचें भांडण दोन्हीही नातवाच्या वांट्यास येतात. परंतु पुढील वर्षीं शेजारीं कोण असेल याचाही जेथें भरंवसा नाहीं, तेथें स्नेह कसा जमावा? २०१४ ते २०१९ हीं पांच वर्षें मी दुबई येथें शिक्षकाचें काम करीत होतों, तेव्हां या प्रश्नाचें जें उत्तर मला मिळालें, तें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावें असें वाटतें.

दुबई आपणांस अगदींच परकी नव्हे. मुंबईशीं तिचा व्यापार जुना. १९६६ पर्यंत तेथें रुपयाच चालत असे. १९५९ मध्यें आपल्या रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळा रुपया काढिला होता. आज त्या शहरांतील दर दहा रहिवाशांपैकीं सुमारें नऊ परदेशचे आहेत. बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीस बांधलेला असतो. नोकरी सुटली कीं थोडक्या अवधींत दुसरी शोधावी, नाहीं तर गाशा गुंडाळावा. २०१९ पासून कांहीं निवडक लोकांस दीर्घ मुदतीचा परवाना मिळूं लागला आहे खरा. तथापि नागरिकत्व क्वचितच कोणास मिळतें. त्यामुळें तीस वर्षें राहिलेला गृहस्थही गांवाकडील घराच्याच गोष्टी बोलतो.

तेथील भारतीय शाळांत एप्रिलमध्यें नव्या वर्गाची हजेरी घेतांना कित्येक नांवें गळालेलीं असत व कित्येक नवीं आलेलीं असत. बिऱ्हाड मोडलें कीं जाणारा मनुष्य पडदे, कुकर, कढीलिंबाची कुंडी शेजाऱ्यांस वांटून टाकी. आमच्या खिडकींत अशा तीन कुंड्या होत्या, तिन्ही निरनिराळ्या घरांच्या. "कशाला जीव लावावा? उद्यां जाणारच!" हे उद्गार मीं तेथें अनेकदां ऐकिले. ते अगदींच खोटे नव्हेत. निरोप देऊन देऊन मन थकतें.

२०१६ सालीं एके रात्रीं माझी आई गांवीं वारल्याचा निरोप आला. शेजारच्या बिऱ्हाडीं केरळांतील एक गृहस्थ राहावयास येऊन अवघे वीस दिवस झाले होते. त्यांनीं त्याच रात्रीं स्वतःच्या पैशानें माझें तिकीट काढिलें, मला विमानतळावर नेलें, आणि पहाटेपर्यंत ते मजजवळ बसून राहिले. त्यांस मराठी येत नव्हतें, मला मल्याळम् येत नव्हतें. तुटक हिंदींत चार शब्द झाले असतील. त्यांच्यामुळें मी आईच्या मातीस पोहोंचलों.

पैसे मीं परत केले. ऋण मात्र राहिलें. चार महिन्यांनीं ते कॅनडास निघाले, तेव्हां मीं तसें बोलून दाखविलें. ते म्हणाले, "मास्तर, मी येथें आलों त्या दिवशीं ज्यानें मला जेवूं घातलें, तोही निघून गेला. आतां माझ्या जागीं जो येईल, त्याला तुम्ही जेवूं घाला."

पुढें त्या जागेंत तीन बिऱ्हाडें येऊन गेलीं. तिघांचेंही पहिल्या रात्रीचें जेवण आमच्या घरून गेलें. गांवांत उपकाराची फेड उपकार करणारासच करितां येते. वाटसरूंच्या नगरांत ती मागून येणाऱ्या वाटसरूस करावी लागते. म्हणून तेथें माणसें जातात, पण स्नेहाचा धागा तुटत नाहीं.

बालमित्रहो, दुबई दूर राहिली. आपल्याही वर्गांत बँकेंतील, रेल्वेंतील, पोलीसखात्यांतील नोकरांचीं मुलें बदलीमुळें वर्षाच्या मध्येंच येतात आणि मध्येंच जातात. असा मुलगा बांकाच्या टोकास एकटा बसतो. "तो काय, आज आहे, उद्यां नाहीं," असें पालकांनींही घरीं म्हणूं नये. मधल्या सुटींत त्याला आपल्या डब्याजवळ बोलवा. तो कदाचित् तुम्हांस पुन्हां कधींही भेटणार नाहीं. परंतु पुढच्या गांवीं, पुढच्या शाळेंत, नवख्या मुलाजवळ सरकून बसण्याची संवय तो तुमच्यापासून घेऊन जाईल.